ॲ सापडत नाही तेव्हा

वर्ध्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथयादी संगणकावर चढवायचं काम चालू होतं आणि प्रूफं तपासायला मी बसलो होतो. एक बाई 'ॲना कॅरेनिना' मागायला आल्या. टंकणाऱ्या मुलाने यादीत शोधलं, उत्तर आलं: नाही. बाई म्हणाल्या, "अहो, मागच्या महिन्यात मीच परत केलंय." कपाटात पाहिलं तर पुस्तक जागेवर होतं. यादीतही होतं, फक्त शोधाला सापडत नव्हतं.

मग आम्ही यादी वरून खाली वाचत गेलो. 'ॲना कॅरेनिना' अ च्या अगदी शेवटी, 'अहवाल'च्याही खाली जाऊन बसलं होतं. 'ॲनिमल फार्म' 'ऋतुचक्र' आणि 'एक होता कार्व्हर' यांच्या मधे होतं. आणि ॲन फ्रँकची डायरी 'हिंदू'च्या खाली, यादीच्या पार तळाला. तिन्ही नावांचं पहिलं अक्षर उच्चाराला एकच आणि दिसायलाही जवळजवळ सारखं होतं. टंकणारा मुलगा मला म्हणाला, "काका, दिसून राहिलं ना बरोबर, मग काऊन बदलवायचं?"

त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणजे हा लेख. ज्यांना मराठीत याद्या, पत्रिका, ग्राहकांची नावं, जुन्या पुस्तकांच्या प्रती संगणकावर टंकायच्या असतात, त्यांच्यासाठी तो आहे.

संगणक अक्षराचा आकार ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. अ चा क्रमांक ०९०५, ल चा ०९३२, ळ चा ०९३३. आपल्या ॲ चा क्रमांक आहे ०९७२. अडचण अशी की हा क्रमांक ॲ ला उशिरा मिळाला. युनिकोडचा देवनागरी आराखडा १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीवरून घेतला होता. त्यात इंग्रजी 'ॲपल'मधल्या स्वरासाठी ए वर चंद्र ठेवलेलं ऍ हे अक्षर होतं, क्रमांक ०९०डी (हे क्रमांक सोळाच्या पद्धतीने लिहितात, म्हणून त्यात इंग्रजी अक्षरही येतं). मराठी माणूस मात्र हा स्वर अ वर चंद्र ठेवून लिहितो. ते अक्षर २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, राज्य शासनाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ या स्वरांना रीतसर जागा दिली.

तोवर लोकांनी काय केलं असेल? हाताला लागेल ते केलं. कुणी ऍ वर भागवलं. कुणी आधी अ टंकला आणि त्यावर अर्धचंद्र चढवला, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ असे दोन क्रमांक जोडले. कृतीदेव किंवा श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉण्टांतल्या जुन्या फाइली रूपांतर करून घेतल्या, तेव्हा त्या रूपांतराच्या प्रोग्रॅमांनीही बहुधा हेच केलं, कारण जुन्या फॉण्टांत चंद्र हा वेगळा तुकडाच होता. अशा रीतीने एका अक्षराचे तीन अवतार तयार झाले आणि तिन्ही आजही आपल्या फायलींमधून फिरतात.

यादीचा घोळ आता उलगडतो. साधे प्रोग्रॅम क्रमांकाच्या ओळीने यादी लावतात. अ आणि चंद्र जोडून केलेला शब्द अ ने सुरू होतो म्हणून अ मध्ये जातो; पण त्याचा दुसरा क्रमांक ०९४५ हा ह च्या ०९३९ पेक्षा मोठा, म्हणून 'अहवाल'च्या खाली. ऍ चा क्रमांक ऋ आणि ए यांच्या मधे पडतो. ॲ चा ०९७२ ह च्याही पुढे, म्हणून तो तळाला. चांगले प्रोग्रॅम भाषेच्या नियमाने क्रम लावतात, तिथे ॲ योग्य जागी येतो. पण तळाला गेलेला ॲ निदान सगळा एका ठिकाणी तरी असतो. तीन ठिकाणी विखुरलेला ॲ शोधणं म्हणजे डोकेदुखी.

तर पहिलं काम, आपल्याकडे कोणता अवतार आहे ते ओळखणं. विंडोजवरच्या वर्डमध्ये त्या अक्षराच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा आणि ऑल्ट दाबून एक्स दाबा. अक्षर जाऊन त्या जागी त्याचा क्रमांक येईल. ०९७२ आलं तर काही करायचं नाही. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत. ०९०डी आलं तर तो ऍ. ०९४५ आलं तर अ वर चंद्र चिकटवलेला आहे. एक्सेलवर काम करणाऱ्यांना 'लेन' हे मोजणीचं फंक्शन सोपं पडेल. 'ॲना' नीट टंकलेलं असेल तर लांबी ३ येते, चंद्र जोडून केलेलं असेल तर ४. 'युनिकोड' हे फंक्शन पहिल्या अक्षराचा क्रमांक दशमान पद्धतीत सांगतं: ॲ साठी २४१८, ऍ साठी २३१७, आणि २३०९ आलं तर तो नुसता अ आहे, चंद्र मागून आलाय. आमच्या त्या मुलाला मी पटवत बसलो नाही. लेन लावून त्यालाच मोजायला सांगितलं. ३ आणि ४ हे आकडे शेजारीशेजारी आले तेव्हा तो गप्प झाला आणि मग स्वतःच बाकीच्या ओळी तपासायला लागला.

बऱ्याच नव्या ब्राउझरांमध्ये तर तपासायचीही गरज पडत नाही. अ आणि चंद्र वेगवेगळे जोडलेले असले की मधे ठिपक्यांचं एक वर्तुळ उमटतं आणि चंद्र त्या वर्तुळाच्या डोक्यावर जाऊन बसतो. लोकांना वाटतं फॉण्ट बिघडला. तो संगणकाचा इशारा असतो: हे अक्षर असं जोडून करायचं नसतं, त्याचा स्वतःचा क्रमांक आहे.

नीट टंकायचं कसं? मोबाइलच्या मराठी कीबोर्डांवर ॲ बहुधा स्वरांच्या ओळीत किंवा अ दाबून धरल्यावर मिळतो. संगणकावर कीबोर्डागणिक जागा बदलते, म्हणून एकदा कोऱ्या पानावर सगळ्या कळा शिफ्टसकट दाबून पाहा आणि जे उमटेल त्याचा क्रमांक वरच्या युक्तीने तपासा. इनस्क्रिप्ट या कीबोर्डाच्या काही मांडण्यांत शिफ्ट आणि १ दाबलं की ऍ येतो. तो दिसायला जवळचा, म्हणून अनेक टंकलेखक वर्षानुवर्षं तोच वापरत आले. कळ सापडलीच नाही तर वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९७२ लिहायचं आणि ऑल्ट-एक्स दाबायचं. लिनक्सवर कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून ०९७२ लिहायचं आणि स्पेस द्यायची. हेही जड वाटत असेल तर ॲ एकदा मिळवा आणि एका फायलीत जपून ठेवा, म्हणजे लागेल तेव्हा तिथून उचलून चिकटवता येईल.

जुन्या फायली दुरुस्त करायच्या असतील तर आधी मूळ फायलीची प्रत काढून बाजूला ठेवा. हे सांगायची गरज नसावी, पण आहे. मग शोध-बदल उघडून अ-चंद्रच्या जागी ॲ घाला, नंतर ऍ च्या जागी ॲ. त्याच बैठकीत ऑ चाही समाचार घ्या. 'ऑगस्ट', 'ऑफिस', 'ऑनलाइन' हे शब्द जुन्या रूपांतरांतून आ वर अर्धचंद्र असे येतात, कधी अ ला ॉ लावून येतात. ऑ ला ०९११ हा स्वतःचा क्रमांक आहे, तोच ठेवा. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: नुसता अर्धचंद्र शोधून 'सगळे बदला' दाबू नका. 'कॅरेनिना', 'मॅडम', 'कॅलेंडर' यांतल्या व्यंजनांवरचा चंद्र बरोबरच आहे. आणि फाइलीत हिंदी मजकूर असेल तर ऍ ला हात लावण्याआधी तो मजकूर वेगळा काढा. हिंदी लेखनात ऍ ला जागा आहे.

'बँक' या शब्दात आणखी एक गंमत आहे. कुणी ब वर चंद्रबिंदू देतं, म्हणजे ०९०१ हे एकच चिन्ह. कुणी अर्धचंद्र देऊन वर अनुस्वार देतं, म्हणजे दोन चिन्हं. छापल्यावर दोन्ही सारखेच. वर्तमानपत्रांत आणि कीबोर्डांच्या सूचनांत चंद्रबिंदूवाला 'बँक' जास्त आढळतो, म्हणून मी तोच वापरतो. तुम्हाला दुसरा आवडत असेल तर तो वापरा, पण एका यादीत दोन नकोत.

आता असं वाटेल की संगणकाने हे तिन्ही अवतार स्वतःच एक मानायला काय हरकत होती? काही अक्षरांच्या बाबतीत तो तसं मानतो. ऱ पाहा. त्याचा स्वतःचा क्रमांक ०९३१ आहे, पण र खाली नुक्ता देऊनही तो करता येतो, आणि युनिकोडच्या नियमात ही दोन रूपं समान धरलेली आहेत. 'नॉर्मलायझेशन' नावाची सफाई केली की दुसरं पहिल्यात बदलतं. ॲ च्या बाबतीत अशी समानता नोंदलेली नाही. त्यामुळे कितीही सफाई करा, अ-चंद्र तसाच राहतो. तो आपल्यालाच बदलावा लागतो.

ऱ चं नाव निघालं म्हणून त्याचाही हिशोब इथेच करू, कारण वर्ध्यात तरी तो टाळता येत नाही. आचार्यांना नमस्कार करणं वेगळं आणि आचाऱ्यांना वेगळं. पहिल्यात विनोबा आहेत, दुसऱ्यात लग्नघरचे स्वयंपाकी. दोन्ही शब्दांत र अर्धा आहे, पण पहिल्यात त्याचा रफार होतो आणि दुसऱ्यात तो य च्या आधी आडवा पडतो. 'वर्धा' आणि 'आर्वी' लिहिताना साधा र, हलन्त आणि पुढचं अक्षर, एवढं पुरतं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' लिहिताना मात्र ऱ घ्यायचा, हलन्त द्यायचा, मग य किंवा ह. इनस्क्रिप्टवर ऱ शिफ्ट-जे वर आहे. दुसरी एक पद्धत आहे: साधा र, हलन्त, आणि मग २००डी क्रमांकाचं न दिसणारं जोडचिन्ह. तीही चालते, जुन्या मजकुरात भरपूर सापडते, पण शोधताना 'दुसऱ्या'ची ही दोन रूपं एकमेकांना ओळखत नाहीत. नवीन काही टंकत असाल तर ऱ चीच पद्धत धरा. न दिसणाऱ्या चिन्हावर ज्याचं अक्षर टेकलंय, त्याला ते चिन्ह कधी गळून पडलं हेही कळत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने ते झटकून टाकलं की आचाऱ्यांचे आचार्य होतात.

पाकळीचा ल आणि देठाचा श यांच्याबद्दल मात्र उगाच धास्ती नको. मराठी वळणाचा ल असो की हिंदी वळणाचा, क्रमांक ०९३२ च. तो फरक फॉण्टचा आहे. फॉण्ट बदला, किंवा मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा. अक्षरांना हात लावू नका.

आता वर्ध्याच्या खास गोष्टीकडे येतो. ॲ म्हणजे काय? अ ला आधार धरून त्यावर दुसऱ्या स्वराचं चिन्ह चढवणं. आ, ओ, औ तसेच बनलेले आहेत. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांनीच वेगळी घरं का करावीत, असा प्रश्न १९३० च्या दशकात पुष्कळांना पडला होता. सावरकरांनी रत्नागिरीहून मराठीसाठी अ च्या बाराखडीचा पुरस्कार केला. हिंदी साहित्य संमेलनाच्या लिपी सुधार समितीचं काम काका कालेलकरांकडे होतं, त्यांचाही कौल अ च्या बाराखडीलाच होता. आणि १९३६ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने ती आपल्या पुस्तकांत प्रत्यक्ष छापली. या समितीची जुनी पुस्तकं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी ती उघडून पाहावीत: 'एक' तिथे 'अेक' आहे, 'उस' तिथे 'अुस', 'इस' तिथे 'अिस'. खिळे कमी लागावेत, टंकयंत्राच्या कळा वाचाव्यात, शिकणाऱ्याला सहा आकार कमी पाठ करावे लागावेत, हा हिशोब होता. तो पुढे सार्वत्रिक झाला नाही. पण ॲ लिहिताना आपण रोज तोच हिशोब करतो, हे आपल्या ध्यानात नसतं.

ही पुस्तकं आज कुणी टंकायला किंवा स्कॅन करून अक्षरओळखीतून काढायला घेतली तर दोन चुका हमखास होतात. एक तर टंकणारा 'अेक' ही छपाईची चूक समजून 'एक' करून टाकतो. नाही तर, ठिपक्यांच्या वर्तुळाची धास्ती घेतलेला माणूस म्हणतो, अ ला चिन्ह जोडायचं नसतं असं तुम्हीच सांगितलंत. ॲ, आ, ऑ, ओ, औ यांच्यासाठी ते खरं आहे, कारण अ ला ो जोडला तर ते हुबेहूब ओ दिसतं आणि दोन क्रमांकांचा घोटाळा होतो. 'अे' आणि 'ए' दिसायलाच वेगळे आहेत, तिथे घोटाळा नाही. म्हणून अ टंकून त्याला ि, ी, ु, ू, े, ै लावायला कसलीही आडकाठी नाही आणि ब्राउझरही वर्तुळ दाखवत नाही. 'अि' टंकताना अ आधी, वेलांटी नंतर; ती पडद्यावर आपोआप डावीकडे जाईल. या सहा रूपांना स्वतंत्र क्रमांक नाहीत आणि लागतही नाहीत.

माझा सल्ला असा. मूळ मजकूर छापलाय तसाच ठेवा, 'अेक' तर 'अेक'. पुस्तकाची सूची किंवा शोधायची यादी करत असाल तर शेजारी एक जादा रकाना ठेवा आणि त्यात आजचं रूप द्या: अि चं इ, अी चं ई, अु चं उ, अू चं ऊ, अे चं ए, अै चं ऐ. हा रकाना सहा शोध-बदलांत तयार होतो. पुढच्या अभ्यासकाला त्या काळची लिपी जशीच्या तशी मिळेल आणि साध्या वाचकाला 'एक' टंकून पुस्तकही सापडेल. मूळ पुसून आधुनिक केलं तर अ च्या बाराखडीचा तो प्रयोग पुस्तकातून नाहीसा होतो, आणि तो परत आणायला पुन्हा कागदाकडेच जावं लागतं. पौनारला राहणाऱ्या विनोबांनीही लोकनागरी नावाने लिपीसुधारणेचा विचार मांडला होता. असे प्रयोग या जिल्ह्याने पाहिले आहेत, ते टंकलेखकाच्या उत्साहात वाहून जाऊ नयेत.

अक्षराला क्रमांक मिळायला उशीर होणं ही काही मराठीचीच कहाणी नाही. उत्तर आफ्रिकेतले बर्बर लोक, जे स्वतःला अमाझिघ म्हणवतात, त्यांची तिफिनाग नावाची लिपी आहे. मोरोक्कोने २००३ मध्ये ती अमाझिघ भाषेसाठी अधिकृत केली, २००५ मध्ये युनिकोडच्या ४.१ आवृत्तीत तिची अक्षरं आली. तरीही 'ये' आणि 'यो' ही दोन अक्षरं बाहेरच राहिली होती. ती २०१२ मध्ये आत आली. मधल्या सात वर्षांत तिथल्या टंकलेखकांनीही हाताला लागेल त्यावर भागवलं असणार, आपल्या अ-चंद्रासारखं. आपल्या मोडीला क्रमांक मिळाले २०१४ मध्ये. क्रमांक मिळाल्यावर मागचा पसारा आवरणं हे त्या-त्या भाषेच्या लोकांचंच काम असतं.

आता राहिलं नावांचं. ॲड., ॲलिस, ॲग्नेस, ॲंथनी अशी नावं ज्यांच्या अर्जांत, दाखल्यांत, मतदारांच्या वा सभासदांच्या याद्यांत येतात त्यांनी ती एकदा तपासून घ्यावीत. एका कागदावर ०९७२ आणि दुसऱ्यावर अ-चंद्र असेल तर माणसाच्या डोळ्याला काही खटकणार नाही, पण नावं जुळवणारं यंत्र 'जुळत नाही' म्हणून मोकळं होईल आणि कारणही सांगणार नाही. संस्थेत दोन-तीन जण टंकत असतील तर एक छोटी चिठ्ठी करून संगणकाला चिकटवा: ॲ ०९७२, ऑ ०९११, ऱ ०९३१, बँक चंद्रबिंदूची. चार ओळींची चिठ्ठी पुरते. आमच्या वाचनालयात ती चिठ्ठी त्या मुलानेच लिहून लावली आहे.

यादी दुरुस्त करायला आम्हाला एक दुपार लागली. बाईंना पुस्तक त्याच दिवशी दिलं होतं. तुमच्याकडे मराठी यादी असेल तर आज शोधाच्या चौकटीत आधी ॲ टंका, मग ऍ टंका, मग अ वर चंद्र चढवून टंका, आणि तिन्ही वेळा किती नावं येतात ते पाहा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या शोधाला एक जरी नाव आलं तर फाइलीची प्रत काढून लगेच कामाला लागा.